५५ पौंड म्हणजे ५५ घोडे नव्हेत

‘स्वस्तात ट्रोलिंग मोटर’ (बोट सावकाश चालवणारी, बॅटरीवरची छोटी मोटर) अशा नावाचा व्हॉट्सॲप मेसेज बडोद्यात फिरतोय. भाच्याची छोटी फायबरची बोट भरूचजवळ नर्मदेत असते. त्याने तो मला पाठवला आणि वर विचारलं, “मामा, घराच्या वायरिंगमधली अडीचची वायर उरलीय, चालेल ना?” आता लिहिणं भाग आहे.

मेसेज म्हणतो, “५५ पौंडांची मोटर म्हणजे ५५ एचपी.” अहो, पौंड हे पाणी ढकलण्याच्या जोराचं माप, जेमतेम २५ किलो. अशी मोटर १२ व्होल्टवर फुल स्पीडला साधारण ५० अँपिअर खाते, म्हणजे ६०० वॉट. एक एचपी ७४६ वॉटचा. एक घोडासुद्धा पुरता भरत नाही! मोटर निवडायची ती माणसं-सामानासकट भरलेल्या बोटीच्या वजनावरून, दर ५० किलोंना निदान १ किलो जोर धरून.

“फ्यूज लावू नका, करंट कमी होतो. वायर कुठलीही चालते.” हे लिहिणाऱ्याला धरून आणायला हवं. फ्यूज करंट कमी करत नाही, प्रमाणाबाहेर गेला की तोडतो. पंख्यात जाळं किंवा वेल अडकली की मोटर जाम होते आणि करंट उसळतो. वायर सोलवटून शॉर्ट झाली तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते, तेही पेट्रोलच्या टाकीशेजारी. भाच्याच्या अडीच चौरस मिलिमीटर वायरीचा हिशेब करून पाहिला: जाऊन-येऊन ६ मीटर, ५० अँपिअर, तर १२तले २ व्होल्ट वाटेतच गळतात आणि शंभरेक वॉटची उष्णता वायरीतच राहते. म्हणजे मोटरची ताकद खाते ती ही वायर, फ्यूज नव्हे. १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. मिन कोटा या मोटर बनवणाऱ्या कंपनीचं मॅन्युअल उघडा: ६० अँपिअरचा ब्रेकर (फ्यूजचंच काम करणारा स्विच), बॅटरीपासून ६ फुटांच्या आत. मेसेजवाल्याने ते पान पाहिलेलं दिसत नाही.

“गाडीची बॅटरी दिवसभर पुरते.” गाडीची बॅटरी स्टार्टरला झटका देण्यापुरती असते, खोलवर उतरवली की तिच्या प्लेटा लवकर मरतात. डीप सायकल, म्हणजे खोलवर उतरवून पुन्हा भरण्यासाठीच बनवलेली बॅटरी घ्या. इन्व्हर्टरची ट्युब्युलर? उंच, जड, हेलकाव्यात ॲसिड सांडणारी. अगदी मंद वेगात, १०-१५ अँपिअरवर, चांगली १०० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी काही तास निघते, तेवढं मान्य. फुल स्पीडला मात्र तासाभरात निम्मी.

बोटीचं मुख्य पेट्रोल इंजिन तासन् तास आयडलवर चालवलं की स्पार्क प्लग काजळतात, हे मेसेजमधलं वाक्य मात्र, नाइलाजाने का होईना, खरं आहे. जुन्या टू-स्ट्रोकना तर फारच.

“वेलींपासून वाचवायला मोटर वर बांधा.” मग पंखा हवा ओढतो आणि नुसता फेस काढतो. पात्याचं टोक पाण्याखाली निदान फूटभर हवं.

“इतक्या सावकाश चाललो तर लाइफ जॅकेट कशाला?” हे बडोद्यात विचारता? १८ जानेवारी २०२४ला इथल्याच हरणी तळ्यात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तळंच होतं, सगळ्यांना जॅकेट नव्हती.

आणि शेवटी “नर्मदेच्या मुखापर्यंत बिनधास्त जा”. ही मोटर फार तर ताशी ७-८ किलोमीटर ओढते. नर्मदा जिथे मिळते त्या खंभातच्या आखातात भावनगरकडे उधाणाची भरती-ओहोटी १० मीटरच्या वर. त्या ओहोटीत सापडलात तर बोट पाणी नेईल तिकडे जाईल. तिथे पेट्रोलचंच दुसरं छोटं इंजिन हवं, आणि तेही विकत घेण्याआधी बोटीच्या मागच्या फळीची उंची मोजून: १५ इंचांच्या फळीला शॉर्ट शाफ्ट (इंजिनाचा पाण्यात उतरणारा पाय आखूड), २० इंचांच्या फळीला लाँग.