ती टेकडी कोणती होती?

सकाळपासून चिडून राहिली आहे, म्हणून लिहिते. जरा लांब होईल, पण वाचा.

लेकीच्या मैत्रिणीचे आईवडील केरळहून आले होते. काकू संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका. पेंचची सफारी झाली, वाघही दिसला. आज त्यांना केरळ एक्सप्रेसमध्ये बसवायला नागपूर स्टेशनवर गेले. संत्रा बर्फीचा डबा छातीशी धरून काकू डब्याच्या दारात उभ्या होत्या. गाडी हलायला दोन मिनिटं असताना मोडक्या हिंदीत विचारतात, "रामगिरी म्हणजे ती टेकडी कोणती होती? आपण तिच्या जवळून गेलो का?"

काय सांगू मी त्यांना? कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेकच मानतात. जन्मभर मुलांना मेघदूत शिकवलेली बाई रामटेकच्या जवळून दोनदा गेली. एकदा जाताना, एकदा येताना. मनसरला वळलं की जेमतेम दहा-पंधरा मिनिटं! मी आधीच फोन करून सफारीच्या बुकिंगवाल्याला विचारलं होतं, "येताना रामटेक दाखवाल का?" तर म्हणे, "ताई, आमच्याकडे जिप्सीची वेळ. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." ड्रायव्हरला तरी काय बोलणार? त्याच्या कागदावर गेटचं नाव अन् वेळ, एवढंच.

हेच आपलं दुखणं आहे. जंगल वनखात्याचं, मनसरचं उत्खनन पुरातत्त्वाचं, राहायची सोय पर्यटन महामंडळाची नाहीतर खासगी रिसॉर्टची, बस एसटीची, अन् रामटेकच्या गडावरच्या पायऱ्यांशी फुलं विकणाऱ्या मावशीला तर कोणी विचारतही नाही. सगळे एकाच रस्त्यावर, पण एकानं दुसऱ्याकडे पाहुणा पाठवलाय असं मी तरी पाहिलं नाही. बाहेरचा माणूस विमानतळावर उतरतो, थेट ताडोबा नाहीतर पेंच गाठतो अन् तिथूनच परत. नागपूर म्हणजे त्याच्यासाठी फक्त गाडी बदलायची जागा!

गेटवर गाड्यांची मर्यादा हवी, पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद ठेवायलाच हवा, मान्य. वनखात्यानं टुरिस्ट गाइड व्हावं असं मी म्हणत नाही. पण गेटवर एक पाटी लावायला काय जातं? एक साधी बस सकाळी निघावी, मनसर, रामटेकचा गड, कालिदास स्मारक, खिंडसी तलाव करत संध्याकाळी परतावी. तिकीट एक, पैसे मागून वाटून घ्या.

अन् जमत नाही असं मला सांगूच नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. महापालिकेचं पाणी, एसटीच्या जादा गाड्या, पोलीस, डॉक्टर, अन् वस्त्यावस्त्यांतून मंडळं जेवण घेऊन उभी. तिथं कोणी म्हणत नाही की हे आमच्या पॅकेजमध्ये नाही. बरं, पेंचचंच घ्या. २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, म्हणजे तारे नीट दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेली जागा. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले, म्हणजे गावं अन् खातं एकत्र आलेच ना? आकाशातले तारे दाखवायला जमलं, अन् जमिनीवरची टेकडी दाखवायला जमत नाही?

जाऊ द्या, राग थोडा उतरला आता. खरं सांगायचं तर मीही कमीच पडले. सुट्टी काढून मीच न्यायला हवं होतं. पण प्रत्येक पाहुण्याला नागपुरात ओळखीचं घर असतंच असं थोडंच आहे? ज्याचं कोणी नाही त्यानं कोणाला विचारायचं?

आत्ता, हे लिहितानाच काकूंचा मेसेज आला. गाडी बल्लारशा सोडून पुढे गेली. चालत्या कारमधून काढलेला एक फोटो पाठवलाय, काचेवर ऊन चमकतंय, मागे झाडीतून वर आलेला उंचवटा. खाली लिहिलंय, "हीच का?"

ती नाही. ती मनसरची हिडिंबा टेकडी आहे. तिच्या पोटातून वाकाटक राजांच्या काळातलं बांधकाम निघालंय, दीड हजार वर्षांपूर्वीचं. तीही त्यांनी काचेतूनच पाहिली. अजून उत्तर टाकलं नाही मी.