बोन ब्रॉथ आणि माझी रात्रपाळी

माझा उजवा गुडघा वाजतो. दुखत नाही, नुसता वाजतो. जिना उतरताना पायरीगणिक कट्, कट्, आणि रात्री सगळे झोपल्यावर मी दबक्या पावलांनी फ्रिजकडे निघालो की आतून बायको झोपेतच म्हणते, "गोड काही खाऊ नकोस." डॉक्टर म्हणाले दुखत नसेल, सूज नसेल तर नुसत्या आवाजाचं फारसं मनावर घेऊ नका. डॉक्टरांचं ठीक आहे हो, त्यांना कुठे माझ्या फ्रिजपर्यंत जायचंय.

हे मी ऑफिसात बोललो आणि तिथेच फसलो. आमच्याकडे एक मित्र आहे, दर सहा महिन्यांनी त्याचं आयुष्य कुठल्यातरी नव्या पदार्थामुळे बदलतं. तो म्हणाला, "बोन ब्रॉथ घे, हाडं तासन् तास मंद शिजवून काढलेलं पाणी, त्यात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं, सांध्यांना ऑइलिंग होतं." आणि हे इतक्या खात्रीने की हा माणूस आधी गॅरेजमध्ये होता की काय असं वाटलं.

मटणवाल्याकडे गेलो. दीड किलो हाडं द्या म्हटलं.

"मटण किती?"

"मटण नको. फक्त हाडं."

"कुत्र्यासाठी का?"

"नाही, मला."

त्याने सुरा खाली ठेवला, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि काही न बोलता दोन पाय जास्तीचे टाकले. दयेपोटी टाकले असणार, पण खरं सांगायचं तर ब्रॉथचा जीव त्या पायांतच असतो. नुसत्या नळीत मगज म्हणजे मुख्यतः चरबी, कोलॅजन असतं ते सांध्याच्या कुर्च्यात, स्नायुबंधात, कातडीत. बिचाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

आता कृती. आधी हाडं पाण्यात घालून एक उकळी आणायची, वर करडा फेस येतो तो आणि ते पाणी दोन्ही फेकायचं, हाडं धुवायची, मग ओव्हनमध्ये तांबूस भाजायची, मग मोठ्या पातेल्यात ४ लिटर पाणी, दोन चमचे व्हिनेगर, आणि मंद आच. किती वेळ? व्हिडिओतली बाई हसत हसत म्हणाली, सोळा तास. तिच्या मागे खिडकीत सकाळ होती आणि पुढच्या शॉटमध्येही सकाळच होती, मधली रात्र तिने कापली होती. माझी कापायला कोणी नव्हतं.

कारण हे उकळू द्यायचं नाही. रटरटलं की चरबी पाण्यात घुसळली जाते आणि सगळं गढूळ होतं. थंडही पडू द्यायचं नाही. मधूनच एखादा बुडबुडा, बस्स. आता आमच्या गॅसला दोनच स्वभाव, एकतर रागावतो नाहीतर विझतो, आणि विझला की नुसता गॅस सुटत राहणार, म्हणजे पातेलं ठेवून झोपायची सोय नाही. मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलो. बायको अकरा वाजता डोकावली, पातेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आपली मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा तू घोरत होतास." दिवा माझ्यासाठी चालू ठेवून ती गेली.

एक वाजता पाणी घातलं. दोन वाजता घराला असा वास सुटला की त्याला वाईट म्हणता येणार नाही पण तो पडद्यांत राहायला आलाय हे कळत होतं. तीन वाजता, बुडबुडे मोजून कंटाळा आला म्हणून मोबाइलवर या ब्रॉथचा इतिहास वाचायला घेतला आणि तिथे मला देनी पापँ भेटला.

हा फ्रेंच माणूस. १६७९ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे शास्त्रज्ञांच्या संस्थेला, एक घट्ट झाकणाचं भांडं दाखवलं, आत वाफ कोंडायची, तिला बाहेर पडायला सेफ्टी व्हॉल्व्ह. १६८१ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं, आणि पुस्तकाच्या नावातच लिहिलंय की हे यंत्र हाडं मऊ करण्यासाठी आहे. हाडं! पुढच्या वर्षी त्याने सोसायटीच्या लोकांना त्यात शिजवलेलं जेवण दिलं, तेव्हा जॉन एव्हलिन नावाच्या गृहस्थांनी डायरीत लिहून ठेवलंय की टणकातली टणक हाडं चीजसारखी मऊ झाली होती. म्हणजे प्रेशर कुकरचा हा खापरपणजोबा मुळात जन्माला आला तोच माझ्या पातेल्यातल्या कामासाठी. आत दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि सोळा तासांचं काम दोन-तीन तासांत उरकतं.

मी मान वर केली. समोर फळीवर आमचा कुकर. शिट्टी डोक्यावर ठेवून, शांतपणे माझ्याकडे बघत.

तेव्हाच सगळं कुकरमध्ये ओतायला हवं होतं, कळत होतं. पण अकरा तास झाले होते हो. अकरा तासांनंतर माणूस हरलो म्हणत नाही, पाणी घालतो.

उरलेल्या पाच तासांत मी फायदे वाचले, आणि ते तासागणिक कमी होत गेले. कोलॅजन शिजून त्याचं जिलेटिन होतं, ते पोटात गेलं की त्याचे पचून बारीक तुकडे होतात, मुख्यतः अमिनो आम्लं, आणि त्या तुकड्यांवर 'उजवा गुडघा' असा पत्ता काही लिहिलेला नसतो, शरीर वाटेल तिथे वापरतं. कोलॅजन पावडरवर अभ्यास झालेत, काहींत सांधेदुखी थोडी कमी झालेली दिसली, पण ती मोजून मापून घेतलेली पावडर, इथे कपात किती उतरलंय ते पातेल्यालाच माहीत. व्हिनेगरने हाडातलं कॅल्शियम भसाभस निघतं म्हणे, तर तेही नाही, निघतं ते अगदी थोडं, कपभर दुधातल्या ३०० मिलिग्रॅमच्या जवळपासही जात नाही. आणि पॅरिसमध्ये तर एकेकाळी हाडांच्या जिलेटिनचं सूप गरिबांना आणि रुग्णांना स्वस्त पोषण म्हणून पाजायचे, शेवटी माजांदी या शास्त्रज्ञाच्या समितीने कुत्र्यांवर प्रयोग करून १८४१ मध्ये सांगितलं की नुसत्या जिलेटिनवर जीव तगत नाही. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्लच नसतं हे मागाहून कळलं. सर्दीवाल्यांना जरा आशा आहे, २००० साली अमेरिकेत नेब्रास्काच्या संशोधकांनी चिकन सूपमुळे रक्तातल्या विशिष्ट पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते असं दाखवलं, पण तेही प्रयोगशाळेत, माणसाच्या नाकात नाही. मला सर्दी नव्हती. होईल असं मात्र वाटायला लागलं होतं.

सकाळी गाळलं. सहा कप. दीड किलो हाडं, ४ लिटर पाणी, वरून घातलेलं वेगळं, एक अख्खी रात्र, आणि सहा कप. तेही तसंच ठेवून झोपता येत नाही, कारण कोमट ब्रॉथ म्हणजे जंतूंना मेजवानी, दोन तासांच्या आत थंड करून फ्रिजमध्ये जायला हवं, म्हणून सिंकमध्ये बर्फाचं पाणी भरून त्यात पातेलं गोल गोल फिरवत उभा. बायको म्हणाली, "हाडं तरी खालच्या कुत्र्याला दे." तीही देता येत नाहीत, शिजलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होऊन घशात-आतड्यात रुतू शकतात. म्हणजे या सगळ्यातून कुत्र्याचंही भलं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर वर चरबीचा पिवळसर थर आणि खाली जेली. मुलीने चमच्याने टोचलं, ते थरथरलं, ती किंचाळली. मी मात्र हरखून गेलो, असं गोठतं म्हणजे जिलेटिन भरपूर उतरलं, रात्र फुकट गेली नाही. गरम करून कपभर प्यायलो. ओला पुठ्ठा. मीठ घातलं. खारट ओला पुठ्ठा. ऑफिसात मात्र सांगितलं की फरक जाणवतोय, आणि शेजारच्या टेबलावरच्या सरांनी तिथेच हाडांची चौकशी केली, त्यांना गाउट आहे, म्हणजे यूरिक ॲसिडमुळे सांधे सुजतात, म्हटलं सर तुम्ही आधी डॉक्टरांना विचारा, मांसाच्या रसात प्युरीन असतं आणि त्यातून यूरिक ॲसिड वाढतं. स्वतःच्या गुडघ्याबाबत एवढा शहाणपणा सुचला असता तर.

दोन दिवस रोज सकाळी एकेक कप, नाक दाबून. तिसऱ्या दिवशी रात्री जेवायला बसलो आणि पहिल्याच घासाला थांबलो. रस्सा काय झाला होता! दाट, ओठांना हलकासा चिकटणारा, चव जिभेवर रेंगाळणारी. मुलीने न सांगता दुसऱ्यांदा वाढून घेतला. मी बायकोला म्हटलं, "आज काय घातलंस काय यात?"

"काही नाही. फ्रिजमध्ये तो थरथरणारा डबा जागा अडवून बसला होता. पाण्याऐवजी ओतला."

"सगळा?"

"सगळा. का, हवा होता?"

मी वाटी पुढे केली. ती वाढता वाढता म्हणाली, "पुढच्या वेळी कुकरला लाव, तीन तासांत होतं." मी विचारलं तुला कसं माहीत, तर म्हणाली, "मला त्या रात्रीच माहीत होतं. तू इतका मन लावून बसला होतास, म्हटलं जाऊ दे."