सिलेक्टर तोडला आणि डिझाइन बिघडलं, त्यावर

नमस्कार, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं, लांब सिलेक्टर, म्हणजे पानावरच्या कुठल्या भागाला स्टाइल लागणार ते सांगणारा मजकूर, ओळी तोडून लिहा असं मी पोस्टमध्ये सांगितलं, तुम्ही तोडला तर सगळ्या पानाचं डिझाइन बिघडलं, त्यापेक्षा एकाच ओळीत ठेवलेला काय वाईट. यातला पहिला भाग माझीच चूक आहे, उदाहरणं एससीएसएसची दिली आणि तसं कुठंच लिहिलं नाही, तुमची फाइल दिसतीय इंडेंटवाल्या सॅसची. सॅस म्हणजे सीएसएस, वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा, सोपी करून लिहायची पद्धत, आणि हे दोन तिचे लिहायचे प्रकार.

एससीएसएसमध्ये कर्ली ब्रॅकेट उघडेपर्यंत मधे कुठल्याही स्पेसला एंटर मारा, चालतं. इंडेंटवाल्यात ब्रॅकेटच नाही ना, तिथं ओळ संपली की सिलेक्टर संपला, शेवटी कॉमा असेल तरच पुढची ओळ त्याला जोडली जाते. तुम्ही तोडलीत ती बिनकॉमाची साखळी, वर दरपत्रकाचा क्लास (एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, त्या भागाला दिलेलं नाव) आणि खाली टेबलातला सेल, दोन्ही एकाच समासाला. वरची ओळ रिकामा नियम झाली, सीएसएसमध्ये आलीच नाही, आणि स्टाइल नुसत्या सेलला लागली म्हणून पानावरची सगळीच टेबलं बदलली. तिथं कॉमा मात्र टाकू नका, "याच्या आतलं ते" याचं "हे आणि ते पण" होऊन बसतं. खालची ओळ, तिच्या खालच्या स्टाइलच्या ओळींसकट, दोन स्पेस आत सरकवा, नेस्टिंग होतं, म्हणजे एका नियमाच्या आत दुसरा बसतो, आणि पाहिजे तेच सीएसएस निघतं.

पण एकाच ओळीत ठेवा हे मला अजिबात पटत नाही. इथं सोलापुरात चाटी गल्लीतल्या एका टॉवेल-चादरीच्या दुकानाची साइट मी केली, त्यात 9 सिलेक्टर एकाच ओळीत होते, त्यातला एक चुकून उडाला आणि गिटमध्ये (फाइलींतले बदल ओळीओळीनं दाखवणारं टूल) बघतोय तर अख्खी ओळच बदललेली, नेमकं काय गेलं ते शोधायला अर्धी दुपार गेली. एका ओळीवर एक असता तर तेवढीच एक ओळ लाल दिसली असती.

आणि एक सांगतो, कॉमावाल्या यादीत नेस्टिंग करताना मोजत चला, बाहेर 4 आत 3 म्हणजे 12 सिलेक्टर, त्याच्या आत अजून 3 घातले की 36. एक्स्टेंडनं, म्हणजे एका क्लासची स्टाइल दुसऱ्याला जोडायच्या सॅसमधल्या सोयीनं, हे सुटत नाही, ज्याला एक्स्टेंड केलं तो क्लास जिथं जिथं आहे तिथं तिथं यादी वाढतच जाते. असं झालं की मी सरळ एचटीएमएलमध्येच एक नवा क्लास देतो.

पोस्टमध्ये आज रात्री दोन्ही प्रकारची उदाहरणं टाकतो, तुमची साखळी पण घेतो त्यात.