"रिस्क सांगितली नाही म्हणजे केस जिंकलीच" हे खरं नाहीये

सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: डॉक्टरांनी ऑपरेशनचा धोका सांगितला नाही आणि नेमकं तेच झालं, तर ग्राहक कोर्टात भरपाई मिळणारच. बरेच जण यावर विसंबून राहतात म्हणून लिहितेय.

पहिलं, "सांगितलं नाही, एवढं पुरे." नाही पुरत. सांगितलं असतं तर तुम्ही ऑपरेशनला नाही म्हणाला असता, निदान तेव्हा तरी, हे दाखवावं लागतं. तुम्ही तरीही हो म्हणाला असता तर ते न सांगण्याने तुमचं नुकसान झालं असं कसं म्हणणार?

दुसरं, "काहीतरी लपवलं ना, मग बास." ऑस्ट्रेलियातली २०१३ ची वॉलेस (पेशंट) विरुद्ध काम (सर्जन) ही केस बघा. पाठीचं ऑपरेशन, सर्जनने दोन धोके सांगितलेच नाहीत, एक मांडीच्या नसांना काही काळ त्रास आणि दुसरा २० पैकी १ शक्यतेचा लकवा. झाला नसांचा त्रास. पेशंट म्हणाला लकव्याचं कळलं असतं तर मी टेबलावर चढलोच नसतो, तरी तो हरला, कारण जो त्रास झाला तो धोका त्याने पत्करलाच असता, आणि ज्या धोक्याने तो थांबला असता तो घडलाच नव्हता.

तिसरं, "इंग्लंडच्या चेस्टर केसमध्ये मिळाली की भरपाई." तिथे सर्जनने पाठीच्या ऑपरेशनचा धोका सांगितला नव्हता, आणि सांगितला असता तर पेशंट बाईंनी निदान तेव्हा तरी नाही म्हटलं असतं. भरपाई मिळाली, २००४ मध्ये, पण न्यायाधीशांच्या ३ विरुद्ध २ मतांनी आणि न सांगण्यानेच नुकसान झालं हे दाखवायच्या नेहमीच्या नियमाला अपवाद करून.

चौथं, "नातेवाईकाची सही असली की डॉक्टर सुटले." हे तर साफ चूक. समीरा कोहली केसमध्ये परवानगी मुख्यतः दुर्बिणीने तपासायची होती, पेशंट भूल देऊन आत झोपलेली, बाहेर आईची सही घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढले. इमर्जन्सी नव्हती. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये ही संमती धरलीच नाही, पण भरपाई किती, २५,००० रुपये, वर डॉक्टरांना ऑपरेशनची फी नाकारली. इतकी कमी बघून मला आजही राग येतो.

मावशीच्या पित्ताशयाच्या वेळी मी तो फॉर्म हातात घेतला होता, सगळा इंग्रजीत, सहीच्या जागी पेन्सिलची फुली. तिला इंग्रजी येत नाही. नंतर "मी नाही म्हटलं असतं" असं नुसतं शपथेवर सांगून भागत नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी, तारीख पुढे ढकला म्हणून केलेला मेसेज, विचारलेले प्रश्न, सगळं तारखेसकट जपून ठेवा.