सरकारी हायस्कूलचं 'कटू सत्य' माझ्या बहिणीपर्यंत पोचलं, म्हणून हे लिहितोय

रविवारी रात्री बहिणीचा फोन. "दादा, ह्याला मी हायस्कुलातून काढते, म्हापशाला घालते. व्हॅनवाल्याशी बोलणंसुद्धा झालंय." भाचा आठवीत, गोव्यातल्या आमच्याच गावच्या सरकारी हायस्कूलमध्ये. अभ्यासात बरा, फुटबॉलात जास्त बरा. म्हटलं झालं काय एकदम? तर म्हणे तू ग्रुप बघत नाहीस का. बघितला. वाड्याच्या चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या ग्रुपवर, जिथे एरवी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान आणि लाईट कधी येणार एवढंच असतं, तिथे 'सरकारी हायस्कूलचं कटू सत्य, प्रत्येक पालकाने वाचा' असा आठ मुद्द्यांचा मेसेज, वर लाल दिवे, खाली जोडलेले हात. तीन दिवसांत चार ठिकाणांहून मला आला. टाकणाऱ्यांतला एक तर माझ्याच वर्गात होता, ह्याच हायस्कूलमध्ये, गणिताचा होमवर्क माझ्या वहीतून उतरवायचा.

आधी तो मुद्दा ज्याने बहीण घाबरली. "सरकारी हायस्कूल मराठी मिडियम असतं, इथून दहावी झालेल्याला अकरावी सायन्सला घेत नाहीत." हे लिहिणारा गोव्यातल्या शाळेत कधी गेलाय का? आपल्याकडे सरकारी शाळा मराठी नाहीतर कोंकणी असते ती चौथीपर्यंत. पाचवीपासून इंग्लिश. भाचा पाचवीपासून इंग्लिशमध्ये शिकतोय, त्याच्या वह्यांना कव्हरं घालते ती हीच, आणि मला विचारते मराठी मिडियम आहे ना म्हणून! म्हटलं त्याचं सायन्सचं पुस्तक आण. आणलं. अख्खं इंग्लिश, मार्जिनमध्ये त्याच्या वाकड्या अक्षरात पेन्सिलने 'फ्रिक्शन = घर्षण, चप्पल घसरते ते' असं लिहिलेलं. म्हणजे बाईंनी वर्गात मराठीतून समजावलं असणार, आणि मला विचाराल तर ते उत्तमच केलं.

आणि दहावीचं म्हणाल तर परीक्षा गोवा बोर्डाची. सरकारी असो, अनुदानित असो, पेपर एकच, तारीख एकच, नववी-दहावीला सायन्सची पुस्तकं एनसीईआरटीचीच. उत्तरपत्रिकेवर सीट नंबर असतो, शाळेचं नाव नसतं. तपासणाऱ्याला काय स्वप्न पडणार आहे की हा सरकारीतला आणि हा म्हापशातला? शिवाय बहीण ज्या शाळेला 'प्रायव्हेट' म्हणतेय ती अनुदानित आहे, तिथल्या मास्तरांचे पगारसुद्धा सरकारच्या तिजोरीतूनच येतात. हे तिला माहीतच नव्हतं.

आता ह्यात जे थोडं खरं आहे ते कबूल करतो, नाइलाजाने. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीत धपकन इंग्लिश, ही उडी पोरांना जड जाते. भाचा पाचवीच्या पहिल्या सहामाहीत गणितात गचकला होता, गणित येत होतं पण प्रश्न काय विचारलाय तेच कळत नव्हतं, रात्री मी फोनवरून एकेक वाक्य फोडून सांगायचो. पण ते झालं पाचवीत. आता आठवीत त्या कारणासाठी शाळा बदलणं म्हणजे नदी पोहून झाल्यावर होडी शोधायला निघण्यासारखं आहे.

दुसरा मुद्दा वाचून तर मी जेवता जेवता उठलो. "गोवा बोर्ड १९७५ साली झालं, मग हायस्कूल भाऊसाहेब बांदोडकरांच्या (गोव्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांच्या) काळातलं कसं? त्याआधीचे दाखले कोणी दिले? सगळं बोगस." वा रे संशोधक! बोर्ड १९७५ चं हे बरोबर. पण त्याआधी गोव्यातली पोरं एसएससीला पुण्याच्या बोर्डाकडून बसायची. माझे बाबा ह्याच हायस्कूलमधून १९७२ ला एसएससी झाले, तेव्हा एसएससी अकरावीला असायची, दहावीला नाही. त्यांचं सर्टिफिकेट आईच्या लोखंडी ट्रंकेत प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, घडीवर फाटलंय, एका कोपऱ्याला वाळवी लागलीय, पण महाराष्ट्राच्या बोर्डाचं नाव स्पष्ट वाचता येतं. त्याच 'बोगस' कागदावर त्यांना नोकरी लागली आणि त्याच नोकरीच्या पेन्शनवर सध्या आमच्या घरात ते सगळ्यांवर ओरडत असतात. ग्रुपवर फोटो टाकलाय. त्यावर आलेलं उत्तर म्हणजे एक अंगठा. बस.

ह्या न्यायाने बघायचं तर गोवा विद्यापीठ १९८५ ला सुरू झालं, त्याआधीची कॉलेजं मुंबई विद्यापीठाची होती, मग धेंपे कॉलेजातून आधी बीए झालेले सगळे बोगस का?

पोर्तुगीजांचा मुद्दा पण आहेच, तो कुठल्याही फॉरवर्डात असतो. "पोर्तुगीजांनी गावोगावी हायस्कूल दिली, आपल्या लोकांनी फक्त पाट्या बदलल्या." पणजीचं लिसेंव, म्हणजे पोर्तुगीजांचं सरकारी हायस्कूल, १८५४ चं, खरं आहे, पुढे ते आल्तिनो टेकडीवर जिथे होतं तिथेच नंतर कितीतरी वर्षं हायकोर्ट होतं. पण ते पणजीत. माझ्या आजोबांनी गावात 'सेगुंद ग्राव', म्हणजे पोर्तुगीज प्राथमिकचा दुसरा टप्पा, केलं आणि त्यांचं शिक्षण तिथेच संपलं, कारण पुढचं पणजीला, राहायचं कुठे आणि खायचं काय. म्हापसा-मडगावात खाजगी इंग्लिश शाळा होत्या, ठीक, ज्याला परवडलं तो गेला. गावात सरकारी शाळा दिसायला लागली ती १९६१ नंतर, बांदोडकरांच्या सरकारात. आजोबा सेगुंद ग्राव आणि मुलगा एसएससी, ह्यात पाटी बदलण्यापेक्षा जास्त काहीतरी झालं असेल ना?

व्होकेशनलबद्दल लिहिलंय की "नववीत एनएसक्यूएफ (शाळेतला व्यवसाय-कौशल्याचा विषय) घेतलं की पोरगं मेकॅनिक होणार." पहिली गोष्ट, मेकॅनिक झालं तर काय बिघडलं? माझी स्कूटर करतो त्याची कमाई माझ्यापेक्षा जास्त आहे. दुसरी, तो एक विषय आहे, कुठे ऑटोमोटिव्ह, कुठे ब्युटी-वेलनेस, कुठे शेती, आणि तो घेतला म्हणून मॅथ्स-सायन्स सुटत नाही, तसं सुटलं असतं तर भाच्याने आजच नाव दिलं असतं.

बाकीचं पटापट. "आरटीईखाली (शिक्षण हक्क कायद्याखाली) २५ टक्के मुलांनाच फुकट शिक्षण": ते २५ टक्के खाजगी विनाअनुदानित शाळांसाठी आहेत, सरकारी शाळेत आठवीपर्यंत सगळ्यांनाच फुकट, कायदा वाचा. "कोडिंग-रोबोटिक्स फक्त खाजगीत": सरकारची केअर्स ही कोडिंग-रोबोटिक्सचीच योजना सहावी ते आठवीला सरकारी आणि अनुदानित दोन्हीकडे आहे, भाच्याने लुकलुकणारा दिवा करून आजीच्या देव्हाऱ्यात लावलाय, ती रोज बंद करते. "एप्रिलमध्ये वर्ग सुरू केले ते पट वाचवायला फक्त सरकारी शाळांत": २०२५ ला ७ एप्रिलपासून सुरू झाले ते अनुदानित शाळांतही. त्या उकाड्याला शिव्या घालायच्या असतील तर मीही येतो, पण मग म्हापशाला व्हॅनमध्ये कोंबून नेलं तर उकडणार नाही का?

राहिला आठवा, "पट घसरलाय." हो, घसरलाय. प्राथमिकच्या काही शाळांत तर एका पंगतीत सगळे बसतील एवढीच पोरं. २०११ ला सरकारने इंग्लिश प्राथमिकलाही अनुदान द्यायचं ठरवलं, त्यावरून केवढं रण पेटलं होतं आठवत असेल, आणि पहिलीला तिकडे गेलेलं पोर पाचवीला परत कशाला येतंय? शिवाय आपले मास्तर मतदारयाद्यांच्या कामाला जुंपलेले असतात, हेही खरं. पण पट कमी म्हणून शिकवणं वाईट हे कुठलं गणित? भाच्याच्या वर्गात एकोणीस मुलं आहेत आणि बाईंना प्रत्येकाचं अक्षर ओळखता येतं.

ज्याला माझ्यावर विश्वास नाही त्याने युडायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी वेबसाइटवर जा. प्रत्येक शाळेचा अकरा आकडी कोड असतो, तो टाकला की शाळा कधीची, मिडियम कुठलं, शिक्षक किती, वर्गखोल्या किती, सगळं समोर येतं. माहिती शाळाच भरते, त्यामुळे संडासांच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पण मिडियम? त्यात खोटं बोलून हेडमास्तरांना काय मिळणार! आमच्या हायस्कूलचं ते पान उघडून मी बहिणीला स्क्रीनशॉट पाठवला, 'इंग्लिश' शब्दाभोवती लाल गोल करून.

अर्ध्या तासाने तिचं उत्तर आलं, "व्हॅनवाल्याला ॲडव्हान्स दिलाय रे." किती दिलाय विचारलं तर निळ्या टिका आल्या, उत्तर अजून नाही.