डाउनटाऊनचे देखावे आणि एक हातमोजा

थँक्सगिव्हिंग उलटलं की आमच्या नवऱ्याला दरवर्षी मुलांना शिकागो डाउनटाऊनचं ख्रिसमस डेकोरेशन दाखवायची उबळ येते. एरवी कोपऱ्यावरच्या बागेत न्या म्हटलं तरी याची मीटिंग असते. आणि गाडी डाउनटाऊनमध्ये न्यायची नाही हं, पार्किंगचे आकडे बघूनच त्याचं बीपी वाढतं. म्हणून रोझमाँटला गाडी लावायची, तिथून ब्लू लाईनची मेट्रो, मधे कुठे बदलायची नाही, वॉशिंग्टन स्टेशनला उतरून जिना चढलं की समोर डेली प्लाझा. इतकं सोपं होतं की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

यंदा पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. "आई, ख्रिसमसचे देखावे बघायला जायचंय" म्हटल्यावर त्या एकदम खूष, कारण देखावे हा त्यांचा प्रांत, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पेठा पालथ्या घातल्यात त्यांनी गणपतीत. पण तिथे एक साडी नेसली आणि चपला सरकवल्या की माणूस तयार. इथे धाकट्याला (वय साडेतीन) थर्मल, त्यावर टीशर्ट, त्यावर स्वेटर, स्नोपँट, जॅकेट, बूट, कानटोपी आणि हातमोजे एवढं सगळं चढवायचं, आणि चढवून झालं की पोराचे हात अंगाला टेकतच नाहीत, शेतातल्या बुजगावण्यासारखे दोन्हीकडे ताठ. शेवटचा मोजा हातात गेला रे गेला की "आई, शू!" मग सगळं उलट्या क्रमाने उतरवा, परत सुलट्या क्रमाने चढवा, तोवर आधीच तयार होऊन बसलेली थोरली घामाघूम होऊन रडायला लागलेली. दहाला निघणार होतो. घराबाहेर पडलो तेव्हा सव्वाअकरा.

स्टेशनवर वेगळंच. मोठ्यांबरोबर सात वर्षांखालच्या मुलांना फुकट असतं, सात झाली की सवलतीचं तिकीट लागतं. थोरली नोव्हेंबरातच सात झाली. नवरा गेटपाशी जरा घुटमळला, मी त्याच्याकडे बघितलं, त्याने छताकडे बघितलं, आणि तेवढ्यात थोरलीने युनिफॉर्ममधल्या बाईंना खणखणीत आवाजात सांगितलं, "आय ॲम सेव्हन!" बाई म्हणाल्या, काँग्रॅच्युलेशन्स स्वीटहार्ट. नवऱ्याने मुकाट पैसे भरले.

रोझमाँटचा प्लॅटफॉर्म हायवेच्या मधोमध आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट आणि वारा त्यांच्याहून सुसाट. वर हीटर असतात, बटण दाबलं की लालभडक होतात आणि आपल्याला जरा बरं वाटायला लागलं की आपणहून बंद पडतात. त्यांच्याखाली माणसं आणि कबुतरं एकाच घोळक्यात, अगदी खांद्याला खांदा लावून उभी. बटण दाबायची ड्युटी धाकट्याने घेतली आणि त्यासाठी हातमोजा काढून खाली टाकला, तर एक गलेलठ्ठ कबूतर त्याच्यावर चोच मारायला लागलं. थोरलीने पाय आपटून त्याला हुसकावलं, मी शाब्बास म्हटलं, गाडी आली, आम्ही चढलो. गाडी बोगद्यात शिरली तेव्हा दोघंही काचेला नाक लावून "अंधार, अंधार" करून ओरडत होती. माझ्या मते ट्रिप तिथेच वसूल झाली होती, परत फिरायला हरकत नव्हती, पण माझं ऐकतो कोण.

डेली प्लाझाला वर आलो आणि धाकट्याचा हात दिसला. एका हाताला मोजा, दुसरा नुसता, लालेलाल. नवरा म्हणाला सीटवर राहिला असेल. म्हणजे मोजा एव्हाना लाईनीच्या पार दुसऱ्या टोकाला, फॉरेस्ट पार्कला चालला होता, आमच्यापेक्षा निवांत. यावर नवऱ्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. सासूबाई मुलाची बाजू घेतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "लहानपणी हाही असाच होता, दप्तर विसरून यायचा." शेवटी बॅगेत जादाचा पायमोजा सापडला तो पोराच्या हातात कोंबला.

डेली प्लाझातलं क्रिस्टकिंडलमार्केट, म्हणजे जर्मन धर्तीचा ख्रिसमस बाजार, आम्ही गर्दीने ढकललं तसं बघितलं. तिथेच पिकासोचा तो पन्नास फुटी पुतळा आहे. सासूबाई मान वर करून म्हणाल्या, "हा प्राणी कोणता?" १९६७ साली तो बसवला तेव्हापासून अख्खं शिकागो हेच विचारतंय, त्यामुळे मी गप्प बसले. मुलांना त्याचा उतरता चौथरा घसरगुंडी म्हणून फार आवडला.

मग स्टेट स्ट्रीट. मार्शल फील्ड या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या खिडक्या, म्हणजे २००६ पासून पाटी मेसीजची आहे, पण जुने शिकागोकर अजून फील्ड्सच म्हणतात, त्यांच्यासमोर चुकून मेसीज म्हणू नये. १८९७ पासून इथे ख्रिसमसला काचेत खेळणी मांडतात. वरती त्यांच्या वॉलनट रूम रेस्टॉरंटमध्ये १९०७ पासून ख्रिसमसचं झाड असतं, आता पंचेचाळीस फुटांचं, पण रांग बघून आम्ही ते मनातल्या मनात बघितलं. खिडक्यांपाशी मात्र नवऱ्याने दहा मिनिटं रेटारेटी करून मुलांना पहिल्या रांगेत नेलं. धाकट्याने खिडकीकडे पाठ फिरवली आणि हातातल्या पायमोज्याचं तोंड उघडून जमलेल्या लोकांवर भुंकायला सुरुवात केली. शेजारची दोन गोरी मुलं काच सोडून याच्याकडे वळली, मग तिसरं. सव्वाशे वर्षांची परंपरा मागे हलतेडुलतेय आणि पुढे आमचा पायमोजा भुंकतोय. मग अर्थातच "आई, शू."

ते सगळं उतरवणं-चढवणं परत सांगत नाही.

परतताना वॉशिंग्टनच्या प्लॅटफॉर्मवर मात्र नशीब उघडलं, समोरच्या बाजूला हॉलिडे ट्रेन आली. सगळे डबे दिव्यांनी मढवलेले आणि मधे एक उघडा डबा, त्यात झोपाळ्यासारख्या गाडीत बसून सांता हात हलवतोय. १९९२ पासून धावतेय म्हणे ही, सुरुवातीला संस्थांना अन्न पोचवायला काढली होती. सासूबाई बघतच राहिल्या. "अगंबाई," म्हणाल्या, "हा तर विसर्जनाचा ट्रक!" आणि दोन्ही हात वर करून त्यांनी असा टाटा केला की सांताने फक्त त्यांच्याकडेच बघितलं. ज्याला सांता दाखवायला हा सगळा खटाटोप, तो आजीच्या कोटात तोंड खुपसून किंचाळत होता. गाडी गेल्यावर डोकं बाहेर काढून विचारतो, "तो दाढीवाला गेला?"

घरी पोचलो तेव्हा तो ठार झोपलेला. झोपलेल्या पोराचे कपडे काढणं म्हणजे ओली गादी उसवण्यासारखं असतं. जॅकेट ओढलं आणि त्याच्या हुडमधून टपकन काहीतरी पडलं. हातमोजा.

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे. थोरली डोळे चोळत म्हणाली, "मीच ठेवला होता, कबुतराने परत नेऊ नये म्हणून."

"अगं मग सांगितलं का नाहीस?"

"तू बाबाला ओरडत होतीस ना," ती म्हणाली, "मधे मधे बोलू नये म्हणतेस."