रद्दीवाला आणि कर्ण

मे महिना, पारा 43 वर, आणि घराला रंग काढलेला. सोलापुरात ही तिन्ही संकटं एकदम अंगावर घेणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर त्याची बायको ठाम असते. माझ्या बाबतीत दोन्ही.

"उद्या रंगारी येतोय. कपाट रिकामं करा. वाचून झालेली रद्दीत घाला," सौ. म्हणाली.

वाचून झालेली! पुस्तक म्हणजे काय गोवर आहे, एकदा होऊन गेला की सुटलो?

'श्यामची आई'च घ्या. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. मी चौथीत वाचली आणि दुसऱ्याच दिवशी न्हाणीच्या दगडावर ओलाकंच उभा राहून हट्ट धरला, तळव्यांना माती लागेल, लुगड्याचे ओचे पसर. श्यामच्या आईनं पसरले होते. माझी आई म्हणाली, "पसरते की. लुगडं धुवायला पाणी तू आण. नळ आला नाही आज." मातीतच उतरलो. पण आजही आंघोळीनंतर चप्पल सापडेपर्यंत मी बगळ्यासारखा एका पायावर असतो.

कॉलेजात 'कोसला' चावली. पुस्तक 1963 चं, पण विष ताजं होतं. प्रत्येक वाक्याला 'वगैरे' लागायला लागलं. मुलगी बघायला गेलो तेव्हा भावी सासऱ्यांनी विचारलं, "नोकरी काय?" म्हटलं, "बँकेत वगैरे आहे." पोह्याची बशी हातातच राहिली त्यांच्या. "वगैरे म्हंजे नक्की कुठं?"

खरा घात केला 'मृत्युंजय'नं. नळाला पाणी रात्री कधी येईल याचा नेम नाही, म्हणून गच्चीवर चादर गुंडाळून मी वाचत जागा असायचो. सोबतीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आमची चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली, त्यामुळे पान उलटलं की अंगठा उमटायचा. त्या डागाशी कागद इतका पारदर्शक झालाय की मागची अक्षरं उलटी वाचता येतात. पुस्तकात कर्ण, कुंती, दुर्योधन असे सहा जण आपापली बाजू सांगतात. माझ्या प्रतीत सातवी चटणी.

तेव्हापासून मला नाही म्हणता येत नाही. ऐन पाण्याच्या वेळी शेजारी मोटर मागतो, मी देतो. भर उन्हाळ्यात कुणी कूलर नेला, दिला. "आता कवच तेवढं राहिलंय," सौ. म्हणते.

रद्दीवाला आला. काट्यावर गठ्ठा चढला. 'मृत्युंजय' त्यानं उघडलं, डागावर बोट फिरवलं, वास घेतला.

"सायेब, तेलकट कागद चालत न्हाई. वजनात धरणार न्हाई."

मी आनंदानं हात पुढे केला. पण तो तिथंच सायकलीला टेकून वाचायला लागला. एक पान. दुसरं पान. घाम पुसला, तिसरं.

"कर्णाचं हाय व्हय? असंच द्या की ओ मला."

तेल लागलेलं, माझ्या अंगठ्याचं, माझ्या रात्रींचं पुस्तक. मी तोंड उघडलं, आणि आतून जो कुणी बोलला तो म्हणाला, "घेऊन जा."

सायकल कोपऱ्यावर वळली. गॅलरीतून सौ. बघत होती.

"दिलंत? आणि ते 'वगैरे'चं?"

"ते फुकटही नको म्हणाला."